पंचाचा शब्द आणि दाद मागण्याचा हक्क

“पंचाचा शब्द अखेरचा” हें वाक्य ज्याच्या कानांवरून गेलें नाहीं असा विद्यार्थी कोणत्याहि शाळेच्या क्रीडांगणावर सांपडावयाचा नाहीं. खेळाच्या तासाला शिक्षक तें सांगतात, सामन्यापूर्वीं कर्णधार तें बजावतो, आणि हरलेल्या संघाची समजूत घालतांना वडील माणसें त्याच वाक्याचा आधार घेतात. वाक्य खरें आहे. परंतु तें अर्धेंच खरें आहे असें माझें मत आहे, आणि उरलेलें अर्धें कोणतें तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगामुळें. कांहीं वर्षांपूर्वीं एका आंतरशालेय फुटबॉल-स्पर्धेंतील सामना पाहण्याचा योग आला. गांवाचें व शाळांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. सामना संपावयास दहा-बारा मिनिटें उरलीं असतां एका मुलानें प्रतिपक्षाच्या मुलास मागून लाथ मारली असें पंचांस वाटलें व त्यांनीं त्यास तांबडें कार्ड दाखविलें. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, “सर, मीं नाहीं मारली.” त्यानें खरोखर लाथ मारली किंवा नाहीं हें मला आजतागायत ठाऊक नाहीं, मी दुसऱ्या टोंकाच्या गोलामागें उभा होतों. पुढें जें झालें तें मात्र मीं स्पष्ट पाहिलें. मुलाचे वडील मैदानांत धांवत आले, त्यांनीं पंचांस नाहीं नाहीं तें ऐकविलें, दुसऱ्या बाजूचे पालकहि सरसावले, आणि सामना अर्धवट राहिला. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाच्या खेळाच्या शिक्षकांनीं स्पर्धेच्या चिटणिसांकडे जाऊन विचारलें कीं, या मुलास पुढचे दोन सामने खेळण्याची मनाई झाली आहे, तर त्याचें म्हणणें कोणापुढें मांडावें? चिटणीस म्हणाले, “तसा नियमच नाहीं.”

वडिलांचा धिंगाणा आणि चिटणिसांचें उत्तर या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, असें मला त्या वेळीं वाटलें व अद्यापहि वाटतें. जेथें दाद मागण्यास दार नसतें, तेथें माणसें भिंत फोडूं पाहतात.

धंदेवाईक फुटबॉल या बाबतींत आपल्या शाळांच्या पुष्कळ पुढें गेला आहे. तेथें एक खेळाडू एका सामन्यास मुकला तरी क्लबाचें मोठें नुकसान होतें. म्हणून शिक्षा किती द्यावी व तिच्यावर दाद कोणीं, कोठें व कशी मागावी याचे नियम अनुभवाच्या शाळेंत तयार होत गेले. ते नियम निर्दोष आहेत असें मी म्हणत नाहीं. तथापि त्यांपासून विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं घेण्यासारखें बरेंच आहे.

प्रथम त्या अर्ध्या सत्याची बाजू पाहूं. फुटबॉलच्या नियमावलींतील पांचवा नियम पंचांविषयीं आहे. खेळांत घडलेल्या गोष्टींसंबंधीं पंचांनीं दिलेला निर्णय अखेरचा समजावा, व गोल झाला कीं नाहीं आणि सामन्याचा निकाल काय लागला हेंहि त्यांतच आलें, असें तो नियम सांगतो. यांत जुलूम नाहीं. बावीस खेळाडू, नव्वद मिनिटें आणि एक चेंडू. प्रत्येक शिट्टीनंतर वाद घालण्यास मुभा दिली तर सूर्य मावळला तरी सामना संपणार नाहीं. चुकीचा निर्णयहि तत्काळ पाळला गेला तर खेळ चालतो. बरोबर निर्णय पाळला गेला नाहीं तर खेळ मोडतो.

याचें मोठें उदाहरण १९६६ सालच्या विश्वचषक-स्पर्धेंत घडलें. ता. २३ जुलै रोजीं लंडनमधील वेम्ब्ले येथें इंग्लंड व अर्जेंटिना यांचा उपांत्यपूर्व सामना चालू होता. जर्मन पंच रूडॉल्फ क्राइटलाइन यांनीं अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रात्तीन यास मैदानाबाहेर जाण्यास फर्माविलें. पंचांस स्पॅनिश भाषा येत नव्हती, आणि रात्तीन तर दुभाषी आणा म्हणून हटून बसला. कित्येक मिनिटें तो मैदान सोडीना व खेळ तसाच खोळंबून राहिला. त्या स्पर्धेंतील पंचांवर देखरेख करणारे इंग्रज गृहस्थ केन ॲस्टन हे पुढें मोटारींतून जात असतां रस्त्यावरील पिवळा व तांबडा दिवा पाहून त्यांस असें सुचलें कीं, ताकीद व हकालपट्टी हीं रंगानेंच दाखविलीं तर कोणत्याहि देशाच्या माणसास शब्दावांचून कळतील. १९७० सालीं मेक्सिको येथें भरलेल्या विश्वचषकांत पिवळें व तांबडें कार्ड प्रथम वापरण्यांत आलें. हुकूम स्पष्ट कळावा व तो तत्काळ पाळला जावा, एवढाच या कार्डांचा हेतु आहे.

परंतु हुकूम पाळणें ही एक गोष्ट, आणि तो हुकूम बरोबर होता असें मानणें ही अगदीं निराळी गोष्ट. येथेंच उरलेल्या अर्ध्या सत्यास प्रारंभ होतो.

तांबडें कार्ड मिळालेल्या खेळाडूस दोन शिक्षा होतात हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पहिली शिक्षा तत्काळ होते: त्यास बाहेर जावें लागतें व त्याचा संघ उरलेला वेळ दहाच खेळाडूंनिशीं झुंजतो. दुसरी शिक्षा मागाहून येते: पुढील कांहीं सामने त्यास खेळण्याची मनाई होते. इंग्लंडमध्यें सामान्यतः दोन पिवळीं कार्डें मिळून तांबडें झालें असल्यास, अथवा गोल होण्याची उघड संधि नियमबाह्य रीतीनें हाणून पाडली असल्यास एक सामना. अपशब्द वापरल्यास दोन. आणि मारहाण किंवा गंभीर धोक्याचा खेळ केल्यास तीन सामने अशी ही मनाई असते. पहिली शिक्षा परत घेतां येत नाहीं. गेलेली मिनिटें कोणासहि परत देतां येत नाहींत. दुसरी मात्र परत घेतां येते, कारण ती अजून भोगावयाची असते. शहाण्या नियमकारांनीं नेमकी याच ठिकाणीं रेषा ओढली आहे. निकाल पंचांचा, तो बदलावयाचा नाहीं. पुढील शिक्षा मात्र शिस्तीची, ती तपासून पाहतां येते.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनकडे चुकीच्या हकालपट्टीबद्दल तक्रार करण्याची रीत अशी आहे. तक्रार क्लबानें करावयाची. खेळाडूच्या आप्तेष्टांनीं नव्हे. ती लेखी करावयाची, व सामना झाल्यानंतर थोडक्याच दिवसांच्या मुदतींत करावयाची, कारण पुढचा सामना दाराशीं येऊन ठेपलेला असतो. सोबत पुराव्यादाखल चित्रफीत व निवेदनें जोडावयाचीं. मग त्या सामन्याशीं संबंध नसलेल्या तिघांची समिति तो पुरावा पाहते. त्यांनीं स्वतःस विचारावयाचा प्रश्न फार मार्मिक आहे. “आम्ही त्या जागीं असतों तर काय केलें असतें?” हा तो प्रश्न नव्हे. “पंचांची चूक उघड व ढळढळीत आहे काय?” हा तो प्रश्न. दोन समंजस माणसांचें ज्याविषयीं दुमत होऊं शकेल अशा प्रसंगीं पंचांचाच शब्द राहतो. चूक उघड असेल तरच मनाई उठते, आणि ती उठली तरी सामन्याचा निकाल जागचा हालत नाहीं.

हें कसें चालतें तें एका उदाहरणावरून कळेल. ता. ३ नोव्हेंबर २०१९ रोजीं लिव्हरपूल शहरांत एव्हर्टन व टॉटनम या संघांचा सामना झाला. टॉटनमचा कोरियन खेळाडू सन ह्युंग-मिन यानें मागून केलेल्या अडवणुकीनें एव्हर्टनचा आंद्रे गोमेश हा तोल जाऊन पुढें गेला, दुसऱ्या एका खेळाडूशीं त्याची गांठ पडली, आणि त्याच्या घोट्यास भयंकर दुखापत झाली. पंचांनीं आरंभीं पिवळें कार्ड काढलें होतें; दुखापत पाहिल्यावर तें बदलून तांबडें दाखविलें. सन स्वतः तोंड झांकून रडत बाहेर गेला. चित्रफीत पाहून सल्ला देणारे पंच त्या सामन्यास होते, तरीहि निर्णय तसाच राहिला. टॉटनमनें तक्रार केली, व दोनच दिवसांनीं समितीनें ती मान्य करून तीन सामन्यांची मनाई रद्द केली.

विद्यार्थ्यांनीं या निर्णयाचें मर्म नीट समजून घ्यावें. गोमेशची दुखापत खोटी नव्हती. ती पाहून कोणाचेंहि काळीज हलावें अशीच होती. परंतु शिक्षा कृत्याची असावी, दैवयोगानें झालेल्या परिणामाची नसावी. मैदानावर उभ्या असलेल्या पंचांस तें भेसूर दृश्य डोळ्यांसमोर असतांना हा विवेक करणें कठीण गेलें, यांत नवल नाहीं. दोन दिवसांनीं, शांतपणें, बंद खोलींत बसलेल्या तिघांस तो करतां आला. दाद मागण्याची सोय असते ती एवढ्याचसाठीं. तिच्यामुळें पंचांचा अपमान होत नाहीं. घाईच्या क्षणीं त्यांस जो अवकाश मिळाला नाहीं तो त्यांच्या वतीनें दुसरे कोणी घेतात. सामना मात्र १–१ असा बरोबरींत सुटला होता, तो तसाच राहिला.

आतां कोणी म्हणेल कीं, असें दार उघडें ठेविलें तर प्रत्येकजण त्यांतून घुसेल; दोषीहि निर्दोषीपणाचा आव आणील; आणि पंचांस कोणी जुमानणार नाहीं. ही शंका पोकळ नाहीं. माझ्या ओळखीच्या एका अनुभवी क्रीडाशिक्षकांचें मत असेंच आहे, आणि त्यांच्याविषयीं मला आदर आहे. परंतु यावर इंग्रजांनीं एक उपाय योजिला आहे. तक्रार निव्वळ पोरकट किंवा निराधार असेल तर शिक्षा कमी होण्याऐवजीं वाढते. २००८ सालच्या फेब्रुवारींत लिव्हरपूलशीं खेळतांना मिडल्सब्रोचा फ्रेंच खेळाडू जेरेमी आलियादिएर यानें एका प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर हात उगारला, म्हणून त्यास तांबडें कार्ड मिळालें. क्लबानें दाद मागितली. समितीस ती तक्रार निराधार वाटली, आणि तीन सामन्यांची मनाई चार सामन्यांची झाली. ही शिक्षा कित्येकांस कडक वाटली असेल. पण तिच्यामुळें प्रत्येक क्लबास तक्रार लिहिण्यापूर्वीं एकदां मनाशीं विचारावें लागतें कीं, आपली बाजू खरी आहे, कीं आपण केवळ चिडलों आहों?

देशादेशांतील सामन्यांची गोष्ट आणखी मोठी. तेथें ‘फीफा’ या जागतिक संस्थेची शिस्त-समिति शिक्षा देते; तिच्यावर अपील-समिति आहे; आणि तिच्याहि वर स्वित्झर्लंडमधील लोझान शहरीं १९८४ सालीं स्थापन झालेलें क्रीडा-लवाद न्यायालय आहे. एक किंवा दोन सामन्यांच्या किरकोळ मनाईसाठीं मात्र फीफाच्या अपील-समितीचें दार ठोठावतां येत नाहीं.

ता. २४ जून २०१४ रोजीं ब्राझीलमधील विश्वचषक-स्पर्धेंत उरुग्वेचा लुईस सुआरेझ यानें इटलीच्या जॉर्जो किएल्लिनी याच्या खांद्यास चावा घेतला. पंचांच्या तें दृष्टीस पडलें नाहीं, परंतु साऱ्या जगानें तें चित्रांत पाहिलें. शिस्त-समितीनें नऊ आंतरराष्ट्रीय सामन्यांची मनाई, फुटबॉलसंबंधींच्या सर्व व्यवहारांस चार महिने बंदी, आणि १,००,००० स्विस फ्रँक दंड अशी शिक्षा दिली. अपील-समितीनें ती कायम केली. मग प्रकरण लोझानला गेलें. तेथील न्यायाधीशांनीं ऑगस्ट महिन्यांत असा निकाल दिला कीं, सामन्यांची मनाई योग्य आहे, चार महिनेहि योग्य आहेत. परंतु आपल्या सोबत्यांबरोबर सराव करण्याससुद्धां बंदी घालणें हें अति झालें. म्हणजे अपराध सिद्ध, शिक्षा कायम, आणि फक्त तिची अवाजवी धार बोथट केलेली. दाद मागणें म्हणजे निर्दोष सुटणें नव्हे. अपराध्यासहि आपली शिक्षा मापांत आहे कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार असतो. ज्याच्या खांद्यास चावा घेतला त्या किएल्लिनीनेंहि, ही शिक्षा फार कडक आहे, असें जाहीरपणें सांगितलें होतें.

दाद मागितल्यानें शिक्षा वरच्या पायरीवर वाढूंहि शकते. पेरू देशाचा कर्णधार पाओलो गेरेरो याच्या लघवीच्या तपासणींत, ऑक्टोबर २०१७ मधील अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यानंतर, कोकेनचा अंश सांपडला. आपण चहांतून नकळत तो घेतला असें त्याचें म्हणणें होतें. शिस्त-समितीनें बारा महिन्यांची बंदी घातली. अपील-समितीनें ती सहा महिन्यांवर आणली. त्यावर उत्तेजक-विरोधी जागतिक संस्था लोझानला गेली, आणि मे २०१८ मध्यें तेथें ती चौदा महिन्यांची झाली. पेरू छत्तीस वर्षांनीं विश्वचषकांत खेळणार, आणि कर्णधार घरीं बसणार! तेव्हां एक असाधारण गोष्ट घडली. पेरूच्या गटांतील फ्रान्स, डेन्मार्क व ऑस्ट्रेलिया या तिन्ही प्रतिस्पर्धी संघांच्या कर्णधारांनीं फीफास पत्र लिहून, गेरेरोस या स्पर्धेपुरतें खेळूं द्यावें, अशी विनंति केली. ज्यांना त्याच्या गैरहजेरीचा लाभ होणार होता तेच त्याच्या हजेरीसाठीं रदबदली करीत होते. अखेर स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें बंदीस तात्पुरती स्थगिति दिली. गेरेरो रशियांत खेळला, आणि ता. २६ जून रोजीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानें गोलहि केला. पुढें स्थगिति उठली व उरलेली शिक्षा त्यानें भोगली.

प्रतिस्पर्ध्यानें दाखविलेल्या अशा मोठ्या मनाचें आणखीहि एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २०११ मध्यें मॉन्टिनीग्रोविरुद्ध खेळतांना इंग्लंडच्या वेन रूनी यानें मिओद्राग जुदोविच यास लाथ मारली. युरोपच्या संघटनेनें त्यास तीन सामन्यांची मनाई केली. अपिलाच्या वेळीं रूनीच्या बाजूनें पत्र लिहिलें तें खुद्द जुदोविच यानें! मनाई तीनवरून दोन सामन्यांवर आली. लाथ खाणारा जेव्हां म्हणतो कीं, एवढी शिक्षा नको, तेव्हां त्या शब्दास जें वजन येतें तें दहा वकिलांच्या भाषणास येत नाहीं.

येथवर या पद्धतीची बरी बाजू झाली. तिचा एक दोषहि सांगितला पाहिजे, नाहीं तर माझें लिहिणें एकांगी होईल. तो दोष म्हणजे मोठ्या नांवाची भुरळ. १९६२ सालीं चिली येथील विश्वचषकांत ब्राझीलचा अद्वितीय खेळाडू गारिंशा यास उपांत्य सामन्यांत मैदानाबाहेर काढण्यांत आलें. परंतु त्या काळीं पुढील सामन्याची मनाई आपोआप होत नसे, ती देणें न देणें समितीच्या हातीं असे. समितीनें ती दिली नाहीं, आणि चार दिवसांनीं अंतिम सामन्यांत तो खेळला. उलट १९९८ सालीं फ्रान्सचा लॉरां ब्लां यास क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यांत तांबडें कार्ड मिळालें. त्यानें हातानें ढकललें हें खरें, पण प्रतिस्पर्धी ज्या रीतीनें कोसळला त्या रीतीनें कोसळण्याजोगें तें नव्हतें असें चित्र पाहणारांस वाटलें. तोंवर नियम कडक झाला होता. आपल्याच देशांत, आपल्याच राजधानीशेजारीं झालेला अंतिम सामना ब्लांला बाहेर बसून पाहावा लागला, आणि फ्रान्सनें त्याच्यावांचून विश्वचषक जिंकला.

यावर कोणी म्हणेल, झालें तें झालें. आतां नियम सर्वांस सारखा आहे. तसेंहि म्हणवत नाहीं. ता. १३ नोव्हेंबर २०२५ रोजीं आयर्लंडविरुद्ध खेळतांना पोर्तुगालचा क्रिस्तियानो रोनाल्दो यास कोपर मारल्याबद्दल तांबडें कार्ड मिळालें. फीफानें तीन सामन्यांची मनाई ठरविली. पण त्यांपैकीं दोन सामन्यांची शिक्षा, पुन्हां तसें वर्तन न केल्यास भोगावयाची नाहीं अशा अटीवर, एक वर्षापुरती तहकूब ठेविली. उरलेला एक सामना तो आधींच मुकला होता. त्यामुळें २०२६ च्या विश्वचषकांतील पहिल्या सामन्यापासून खेळण्यास तो मोकळा झाला. देशाकडून दोनशेंहून अधिक सामने खेळूनहि हें त्याचें पहिलेंच तांबडें कार्ड होतें, आणि अशी सवलत देण्याची तरतूद नियमांत आहे, हें त्याच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. परंतु कोणा लहान देशाच्या, कोणास ठाऊक नसलेल्या खेळाडूस हीच सवलत इतक्या सहजपणें मिळाली असती काय, हा प्रश्न जगानें विचारला, आणि तो विचारणें गैर नव्हतें. ज्या दारांतून केवळ थोरांस जातां येतें तें न्यायाचें दार राहत नाहीं. तें वशिल्याचें दार होतें.

या सर्व उदाहरणांवरून माझें मत असें बनलें आहे कीं, दाद मागण्याची सोय असावी. परंतु ती अरुंद, लवकर निकाल देणारी, व सर्वांस सारखी असावी. अरुंद नसेल तर पंचांचा मान जाईल. लवकर निकाल लागत नसेल तर शिक्षा भोगून झाल्यावर न्याय हातीं पडेल. सर्वांस सारखी नसेल तर तिचा उपयोग होण्याऐवजीं अपायच होईल.

आपल्या आंतरशालेय स्पर्धांत अशी सोय करणें मुळींच अवघड नाहीं. तिला न्यायालय नको, चित्रफीत नको, पैसाहि नको. कोणत्याहि विद्यार्थ्यास पुढील सामन्यांची मनाई झाल्यास त्याच्या कर्णधारानें व क्रीडाशिक्षकांनीं दुसऱ्या दिवसाच्या आंत एका कागदावर आपलें म्हणणें लिहून द्यावें. दोन्ही शाळांशीं संबंध नसलेल्या तीन शिक्षकांनीं तो कागद वाचावा. पंचांचें, त्या मुलाचें आणि प्रतिपक्षाच्या कर्णधाराचें ऐकून घ्यावें. आणि त्याच दिवशीं निकाल द्यावा. सामन्याच्या निकालास त्यांनीं हात लावूं नये. चूक उघड असेल तरच मनाई उठवावी. तक्रार खोटी ठरल्यास मनाई एका सामन्यानें वाढवावी. संघांतील सर्वांत चांगल्या खेळाडूस व अकराव्या खेळाडूस एकच माप लावावें. आणि मैदानांत उतरून पंचांस दरडावणाऱ्या पालकांच्या पाल्याची तक्रार मुळींच ऐकून घेऊं नये, असेंहि एक कलम त्यांत घालावें.

हें शेवटचें कलम वाचून कांहीं पालक माझ्यावर रागावतील. त्यांस माझी एवढीच विनंति आहे कीं, आपल्या मुलावर अन्याय झाला असें वाटतांच रक्त तापणें स्वाभाविक आहे. पण त्या क्षणीं मूल पंचांकडे पाहत नसतें, तें आपल्याकडे पाहत असतें. अन्याय झाल्यावर सभ्य माणूस काय करतो, हें तें तेथें उभें राहून शिकत असतें. त्यानें रात्तीनसारखें हटून बसावें, कीं मैदान सोडून, दुसऱ्या दिवशीं कागद-लेखणी घेऊन बसावें, हें बव्हंशीं आपल्याच वर्तनावर अवलंबून आहे.

विद्यार्थी-मित्रांसाठीं अखेर एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. ता. २२ मार्च २०१४ रोजीं लंडनमध्यें चेल्सी व आर्सेनल यांचा सामना झाला. आर्सेनलचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांचा त्या पदावरील तो एक हजारावा सामना होता. चेल्सीच्या खेळाडूनें मारलेला चेंडू आर्सेनलच्या ॲलेक्स ऑक्सलेड-चेंबरलेन यानें हातानें अडविला. पंच आंद्रे मॅरिनर यांनीं तांबडें कार्ड दाखविलें तें मात्र भलत्यालाच, म्हणजे किरन गिब्ज यास. तेव्हां ऑक्सलेड-चेंबरलेन पंचांजवळ जाऊन, हात लावणारा तो नव्हे, मी, असें सांगूं लागला. त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. गिब्ज निमूटपणें बाहेर गेला आणि आर्सेनलचा ६–० असा दारुण पराभव झाला. मागाहून समितीपुढें प्रकरण आलें. तिनें गिब्जवरील ठपका काढून खऱ्या खेळाडूवर ठेविला. आणि तो चेंडू एरवींहि गोलाबाहेरच जात होता, सबब हकालपट्टीच अयोग्य होती, असें ठरवून दोघांवरील मनाई उठविली. पंचांनींहि आपली चूक कळतांच खेद व्यक्त केला.

या गोष्टींत प्रत्येकानें आपापलें काम केलें. पंच चुकले, पण त्यांचा हुकूम पाळला गेला. गिब्ज निरपराध होता, पण त्यानें मैदान सोडलें. समितीनें दोन्ही चुका दुरुस्त केल्या. परंतु समिति भरण्याच्या कितीतरी आधीं, हजारों लोकांच्या देखत, आपला अपराध आपण होऊन सांगणारा एक वीस वर्षांचा तरुण पुढें आला होता. संघ आधींच मागें पडला होता व गप्प राहण्यानें त्याचा स्वतःचा लाभ होता. असे खेळाडू असले म्हणजे दाद मागण्याचे प्रसंगच थोडे येतात.

त्या आंतरशालेय सामन्यांतील मुलाची मला अजून आठवण होते. त्यानें लाथ मारली होती कीं नाहीं हें मला कळण्यास आतां मार्ग नाहीं. कदाचित् तिघांनीं त्याचें ऐकून घेतलें असतें तरी त्याची मनाई कायमच राहिली असती. पण मग ती त्यास शिक्षा वाटली असती. आज ती त्यास अन्याय वाटत असेल.